कुंभारजुवे कालवा

कुंभारजुवे कालवा हा गोवा राज्यातील मांडवी आणि जुवारी (झुआरी) या दोन प्रमुख नद्यांना जोडणारा भरती-ओहोटीचा जलमार्ग आहे. त्याच्या पश्चिमेस तिसवाडी तालुका आणि पूर्वेस फोंडा तालुका आहे. लांबी सुमारे १७ किलोमीटर असून राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये त्यास राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ म्हणून घोषित करण्यात आले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा कालवा लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसचा पावसाळी मार्ग होता. अलीकडच्या काळात तो खारफुटी, पक्षी आणि मगरी पाहण्यासाठी काढल्या जाणाऱ्या नौकाविहारासाठी ओळखला जातो. या दोन्ही उपयोगांच्या आधी काही शतके तो एक राजकीय सीमा होता.

नाव आणि स्वरूप

कालव्याचे नाव त्याच्या उत्तर टोकाशी असलेल्या कुंभारजुवे या बेटावरून पडले आहे. कोकणीत ‘जुवें’ म्हणजे बेट. ‘कालवा’ या शब्दामुळे हा जलमार्ग माणसाने खोदला असावा असा समज होतो. प्रत्यक्षात ती नैसर्गिक खाडी आहे. पाटबंधाऱ्याच्या कालव्यात पाणी धरणाकडून शेताकडे एकाच दिशेने वाहते, त्याची पातळी माणूस ठरवतो आणि पाणी गोडे असते. कुंभारजुवे कालव्यात यांपैकी एकही गोष्ट लागू होत नाही. त्याची दोन्ही तोंडे खुली आहेत. समुद्राला भरती आली की पाणी मांडवीच्या आणि जुवारीच्या अशा दोन्ही बाजूंनी आत शिरते आणि ओहोटीला परत फिरते. हे चक्र दिवसातून दोनदा घडते. उन्हाळ्यात पाणी खारे असते, तर पावसाळ्यात डोंगरांतून येणाऱ्या पुराच्या पाण्यामुळे खारेपणा बराच कमी होतो.

कालव्याची रुंदी सर्वत्र सारखी नाही. जुवारीकडील तोंड विस्तीर्ण असून आतल्या भागात पात्र अरुंद व वळणांचे होते. उत्तरेकडे कुंभारजुवे, जुवे (सांत इस्तेव) आणि दिवाडी या बेटांभोवती त्याच्या पाण्याला फाटे फुटतात. पणजी–फोंडा महामार्ग बाणस्तारी येथील पुलावरून हा कालवा ओलांडतो. बहुतेक प्रवाशांना त्याचे पहिले दर्शन याच पुलावरून होते.

सीमा म्हणून कालवा

मांडवी, जुवारी, अरबी समुद्र आणि कुंभारजुवे कालवा यांनी वेढलेला असल्यामुळे तिसवाडी हा भूभाग एक बेट ठरतो. पोर्तुगिजांची राजधानी याच बेटावर, आजच्या जुने गोवे येथे, होती. बेटाच्या तीन बाजूंना मोठे पाणी होते. पूर्वेची बाजू मात्र अरुंद कालव्याने राखलेली असल्यामुळे तीच सर्वांत नाजूक मानली जाई.

हे पहिल्या काही वर्षांतच स्पष्ट झाले. १५१० मध्ये अफोंसो द आल्बुकर्क याने गोवे जिंकले. १५११ मध्ये तो मलाक्काच्या मोहिमेवर गेला असता विजापूरच्या आदिलशाही सैन्याने कालवा ओलांडून बाणस्तारी येथे ठाण मांडले व तेथे किल्ला बळकट केला. परत आल्यावर १५१२ मध्ये आल्बुकर्कला हा किल्ला जमिनीवरून व पाण्यातून वेढा घालून घ्यावा लागला. त्यानंतर पोर्तुगिजांनी बेटावर येण्याच्या उताराच्या जागांवर चौक्या बसवल्या. बाणस्तारी आणि धावजी ही त्यांतील प्रमुख ठिकाणे होत. अशा चौक्यांवर माणसांची व मालाची तपासणी होत असे.

सोळाव्या शतकात तिसवाडी व लगतच्या बेटांवर धर्मांतराचा जोर वाढला. तेव्हा अनेक हिंदू कुटुंबांनी आपली दैवते पाण्यापलीकडे नेली. फोंडा व माशेलच्या परिसरातील कित्येक देवस्थानांचे मूळ स्थान तिसवाडीत, चोडण किंवा दिवाडी बेटावर अथवा साष्टीत असल्याचे त्यांच्या इतिहासात नोंदलेले आढळते. या कुटुंबांच्या दृष्टीने खाडीचे पाणी म्हणजे दोन राजवटींमधील आणि दोन कायद्यांमधील रेषा होती.

मराठ्यांच्या इतिहासातही हा परिसर महत्त्वाचा आहे. १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरई काउंट द आल्व्होर याने मराठ्यांच्या ताब्यातील फोंडा किल्ल्याला वेढा घातला. छत्रपती संभाजी महाराज मदतीला आल्याने त्याला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात मराठ्यांनी रात्रीच्या वेळी ओहोटी साधून जुवे बेटावर प्रवेश केला आणि तेथील किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी बेट परत घेण्यासाठी विजरई स्वतः चालून आला. त्याच्या सैन्याचा पराभव झाला आणि तो जखमी होऊन कसाबसा नावेने निसटला. पाठलाग करताना संभाजी महाराजांनी आपला घोडा भरतीच्या पाण्यात घातला व खंडो बल्लाळ यांनी त्यांना वाचवले, असे परंपरेने सांगितले जाते. या घटनाक्रमात भरती-ओहोटीचे वेळापत्रक निर्णायक ठरले. ओहोटीने बेटाची वाट उघडली आणि पुढची भरती आल्यावर तीच वाट बंद झाली.

अठराव्या शतकात, १७६३ मध्ये, फोंडा पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. कालव्याचे दोन्ही काठ एकाच सत्तेखाली आल्यावर त्याचे सीमा म्हणून असलेले महत्त्व संपले.

खाजन शेती आणि बांध

कालव्याच्या दोन्ही काठांवर सखल खाजन जमिनी पसरल्या आहेत. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली आणि बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे मानले जाते. चिखल, दगड व गवत यांचे बांध घालून आत भातशेती केली जाते. खारेपणा सोसणारे ‘कोरगूट’ हे भाताचे पारंपरिक वाण या जमिनींत घेतले जाते.

बांधांमध्ये ठरावीक ठिकाणी ‘मानस’ बसवलेली असते. मानस म्हणजे पाणी अडवणारे आणि सोडणारे दार. त्याच्या लाकडी झडपा अशा रीतीने टांगलेल्या असतात की भरतीच्या पाण्याच्या दाबाने त्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. त्यामुळे खारे पाणी आत येत नाही व पावसाचे साचलेले पाणी बाहेर जाते. ओहोटीच्या वेळी मानशीवर जाळे लावून मासे व कोळंबी पकडली जाते. बांधांची देखभाल पूर्वी गावकरी म्हणजे गावाची सामूहिक संस्था करीत असे. पुढे कुळकायद्यानंतर ती जबाबदारी मोठ्या प्रमाणावर कुळांच्या संघटनांकडे आली.

बांध फुटला तर काही भरतींतच शेतात खारे पाणी भरते आणि जमीन पुढील हंगामांसाठी निकामी होते. त्यामुळे कालव्याच्या कोणत्याही नव्या उपयोगाचा पहिला परिणाम बांधांवर दिसून येतो.

खनिज वाहतुकीचा काळ

गोव्याच्या अंतर्भागात डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांत लोहखनिजाचे साठे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः जपानच्या पोलाद उद्योगाकडून मागणी वाढल्यावर, येथील खाणकाम वेगाने वाढले. खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खनिज ट्रकने आणायचे, धक्क्यावर बार्जमध्ये भरायचे, बार्जने मुरगाव बंदरापर्यंत न्यायचे आणि तेथे जहाजात चढवायचे, अशी साखळी तयार झाली. सुरुवातीला शिडाच्या गलबतांचा व पडावांचा उपयोग होत असे. पुढे इंजिनाच्या पोलादी बार्जेस आल्या. त्यांची क्षमता साधारणपणे १,५०० ते २,५०० टन एवढी वाढली. १० टन माल नेणाऱ्या ट्रकांचा विचार केला तर २,००० टनांची एक बार्ज २०० ट्रकांचे काम करते. या स्वस्त जलवाहतुकीमुळेच गोव्याचे तुलनेने कमी प्रतीचे खनिज परदेशी बाजारात टिकू शकले.

आमोणे, सारमानस यांसारखे अनेक धक्के मांडवीच्या खोऱ्यात होते, तर मुरगाव बंदर जुवारीच्या मुखाशी आहे. कोरड्या ऋतूत मांडवीवरील बार्जेस पणजीवरून समुद्रात उतरत आणि आग्वाद व काबो ही भूशिरे डावी-उजवीकडे ठेवून मुरगावला पोहोचत. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हा मार्ग बंद होई. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात त्यावर मोठ्या लाटा फुटतात आणि सपाट तळाच्या, काठोकाठ भरलेल्या बार्जला तेथून जाणे धोक्याचे ठरते. जुवारीचे मुख मात्र अधिक खोल असून मुरगावचे भूशीर व बंदराचा लाटरोधक बांध यांमुळे तेथे आडोसा मिळतो.

म्हणून पावसाळ्यात मांडवीवरील बार्जेस समुद्राकडे न जाता कुंभारजुवे कालव्यात वळत, त्यातून दक्षिणेकडे जुवारीत येत आणि तेथून बंदरात पोहोचत. निर्यातीचा मुख्य हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होत असला, तरी नदीकाठी साठवलेले खनिज या मार्गाने बंदरात आणून ठेवता येत असे. कालव्याची लांबी नद्यांच्या मानाने थोडी होती. पण वर्षातील काही महिने मांडवीचे खोरे आणि मुरगाव यांच्यातील सुरक्षित जलमार्ग तोच होता.

हा मार्ग सोपा नव्हता. अरुंद वळणांवर दोन बार्जेस समोरासमोर आल्यास एकीला काठाशी थांबावे लागे. पुलाखालून जाण्यासाठी पाण्याची पातळी व खांबांमधील अंतर यांचा अंदाज घ्यावा लागे. उथळ जागा ओलांडण्यासाठी भरतीची वेळ गाठणे आवश्यक असे. तांडेल व खलाशी यांचे काम यामुळे घड्याळापेक्षा चंद्राच्या तिथीवर अधिक अवलंबून होते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास येणाऱ्या उधाणाच्या भरतीला जास्त खोली मिळत असे, तर अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगेच्या भरतीला कमी.

पर्यावरणीय परिणाम

बार्ज वाहतुकीचे परिणाम पाण्यावर आणि काठांवर दोन्हीकडे झाले. बार्ज जाताना उठणाऱ्या लाटा खाजन बांधांवर आदळत आणि माती सैल होई. बांध खचल्याच्या व फुटल्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी या काळात वारंवार पुढे आल्या. भरताना व वाहून नेताना सांडलेले खनिज, तसेच खाणींच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवरून पावसात वाहून आलेला गाळ, यांमुळे नद्यांच्या तळाशी लोह व मँगनीज यांचे प्रमाण वाढल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ येथील अभ्यासकांनी मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा हा कालवा या सलग खाडी-संकुलाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

वाहतुकीला लागलेली ओहोटी

२०१० ते २०१२ या काळात गोव्यातील खाणकाम वादाच्या केंद्रस्थानी आले. २०१०-११ मध्ये राज्यातून ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले होते. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन व वाहतुकीवर बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. तथापि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा बंद झाले.

बार्ज व्यवसायावर याचा थेट परिणाम झाला. असंख्य बार्जेस नद्यांच्या काठी नांगरून पडल्या आणि कित्येक भंगारात विकल्या गेल्या. खलाशी, धक्क्यावरील कामगार, दुरुस्ती करणाऱ्या कार्यशाळा, ट्रकमालक आणि काठावरील लहान दुकाने यांचे उत्पन्न बुडाले. दुसरीकडे, काठावरील शेतकरी व मच्छीमार यांना बार्जेसच्या लाटांपासून उसंत मिळाली. एकाच घरातील एक माणूस बार्जवर आणि दुसरा खाजन शेतीत काम करणारा असेल, तर बंदीचा अर्थ त्या घरातही दोन प्रकारे लागत असे.

२०२२ च्या अखेरीस राज्य सरकारने खाणपट्ट्यांचा लिलाव सुरू केला आणि २०२४ मध्ये खाणकाम मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाले. त्यामुळे कालव्याचा औद्योगिक काळ पूर्णपणे इतिहासजमा झाला आहे, असे म्हणता येत नाही.

जीवसृष्टी

कालव्याच्या काठांवर खारफुटीची दाट रांग आहे. रायझोफोरा, अविसेनिया आणि सोनेराशिया या प्रजातींची झाडे येथे आढळतात. खारफुटीची आधारमुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर कमी करतात आणि माशांच्या पिल्लांना आश्रय देतात. खंड्या, बगळे, घारी आणि हिवाळी स्थलांतरित पक्षी येथे दिसतात.

येथील सर्वांत प्रसिद्ध प्राणी म्हणजे मगर. ही गोड्या पाण्यातील मगर (क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस) सामान्यतः नद्या, तलाव व धरणांत राहते. कुंभारजुवे कालव्यात तिने मचूळ व खाऱ्या पाण्याशी जुळवून घेतलेले आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर ती ऊन घेत पडलेली दिसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीने तिला संरक्षण दिले आहे. बेटाच्या रक्षणासाठी जुन्या राज्यकर्त्यांनी या पाण्यात मुद्दाम मगरी सोडल्या, अशी आख्यायिका प्रचलित आहे.

मगरीशी असलेले काठावरच्या लोकांचे नाते ‘मानगे थापणी’ या विधीतून व्यक्त होते. फोंडा तालुक्यातील दुर्भाटसारख्या खाजन गावांत पौष महिन्याच्या अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा केली जाते. बांध सांभाळणाऱ्या आणि खाडीत उतरणाऱ्या माणसांचे मगरीपासून रक्षण व्हावे व बांध सुरक्षित राहावेत, ही त्यामागील भावना आहे.

विहार आणि उत्सव

पर्यटकांसाठीच्या नौका साधारणपणे ऑक्टोबर ते मे या काळात निघतात. मगरी पाहण्याच्या दृष्टीने ओहोटीची वेळ अनुकूल असते, कारण तेव्हाच चिखलाचे काठ उघडे पडतात. बार्जच्या तांडेलाला भरती हवी असे, पर्यटकाला ओहोटी हवी असते. खारफुटी, पक्षी व मगरी यांच्याबरोबर जवळच असलेली जुने गोवे येथील चर्चे, दिवाडी बेट आणि चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य ही ठिकाणे एकाच दिवसाच्या सहलीत पाहता येतात. जलवाहतुकीचे नियमन बंदर कप्तान खात्याकडे, तर वन्यजीव व खारफुटी यांचे संरक्षण वन खात्याकडे आहे.

स्थानिक लोकांच्या दृष्टीने या पाण्यावरील सर्वांत मोठा सोहळा म्हणजे कुंभारजुव्याचा ‘सांगोड’. गणेशविसर्जनाच्या वेळी दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर मंच उभारला जातो. मंचावर गणेशमूर्ती आणि पौराणिक व सामाजिक विषयांवरील देखावे असतात. हा ताफा पाण्यातून फिरतो आणि प्रेक्षक काठांवर गर्दी करतात. पर्यटनाच्या नौका येण्याच्या कितीतरी आधीपासून कुंभारजुव्याचे लोक हे पाणी आनंदासाठी वापरत आले आहेत.

अन्य जलमार्गांशी तुलना

उद्योगासाठी वापरलेले आणि नंतर विहारासाठी उपयोगात आलेले जलमार्ग जगात अनेक आहेत. इंग्लंडमधील केनेट व एव्हन कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. रेल्वे आल्यावर त्याची वाहतूक घटली, तो मोडकळीस आला आणि स्वयंसेवकांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. तेथे विहार सुरू होण्यासाठी दरवाजे, भिंती आणि पाणीपुरवठा नव्याने बांधावा लागला.

कुंभारजुवे कालव्याची स्थिती वेगळी आहे. तो नैसर्गिक असल्याने बार्जेस थांबल्या तरी त्यातील पाणी थांबले नाही आणि जलमार्ग म्हणून त्याची पुनर्बांधणी करावी लागली नाही. येथे जपावे लागते ते काठांचे बांध आणि खारफुटी. बांध खचवणारी लाट खनिजाच्या बार्जची असो वा वेगाने जाणाऱ्या पर्यटक नौकेची, बांधावरील तिचा परिणाम सारखाच असतो. त्यामुळे नौकांचा वेग, संख्या व मार्ग, तसेच खाजन बांधांची नियमित दुरुस्ती, हे कालव्याच्या पुढील उपयोगातील मुख्य प्रश्न आहेत. राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळाल्यामुळे मालवाहतूक वाढवण्यासाठी पात्र खोल करण्याचा विचार झाल्यास तेच प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे येऊ शकतात.